कारखान्याची नवी कीर्द आणि तिची परिभाषा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला आमंत्रण दिले, तेव्हा आम्ही बोनसवर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आमच्या हयातीचा मोठा भाग त्याच कामात गेला आहे. आम्ही विषय कळविला तो ‘ईआरपी’. त्यावर चालकांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, ‘हे कोणत्या नव्या तापाचे नाव?’ सभेत हशा पिकावा म्हणून आम्ही हे सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमचीही अवस्था हीच होती, आणि त्या अज्ञानाची किंमत आमच्या एका सभासदाला मोजावी लागली, म्हणून सांगतो.

आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि रात्री घरातल्या दिव्याखाली झाले. तेव्हा आज आपल्यापुढे कोणी तज्ज्ञ उभा नाही. जो शब्द आम्हांला अडला, त्याचा अर्थ आम्ही कसा लावला, एवढेच सांगणार आहोत.

प्रथम ती हकीकत. एका कारखान्यात आमचा एक सभासद स्टोअरमध्ये कामाला होता. नोकरी बावीस वर्षांची, आणि एवढ्या वर्षांत एक खिळा इकडचा तिकडे झाला नव्हता. एकदा स्टोअरमधला माल मोजला गेला, तेव्हा वेल्डिंगची तार ३०० किलो कमी भरली. आधीची मोजणी चार महिन्यांपूर्वीची. लगोलग आरोपपत्र आले आणि गडी निलंबित झाला. चौकशीत त्याच्या बाजूने आम्ही बसलो. व्यवस्थापनाचे अधिकारी म्हणाले, ‘सिस्टिममध्ये स्टॉक दिसतो, रॅकवर नाही. बीओएमप्रमाणे बॅकफ्लश होतो. वेगळा इश्यू पोस्ट झालेला नाही. मग तार गेली कुठे?’ या वाक्यांतला एकही शब्द आम्हांला समजला नाही. पस्तीस वर्षे ज्या तोंडाने घोषणा दिल्या, त्या तोंडाला त्या दिवशी कुलूप लागले. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि खाली मान घालून बाहेर पडलो.

आमच्या एका जुन्या सभासदाची मुलगी पुण्यात याच कामात नोकरीला आहे. तिच्याकडे गेलो आणि म्हटले, ‘बाळ, आम्हांला पहिलीच्या वर्गापासून शिकव.’ ती म्हणाली, ‘काका, तुमच्या घरी पुरणपोळीची जेवणावळ झाली आहे ना? मग तुम्हांला निम्मे येतेच.’ त्या मुलीने जी वाट दाखविली, तीच आज आपणांस दाखवितो.

आधी नाव. ईआरपी म्हणजे एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग. एंटरप्राइझ म्हणजे उद्योग, रिसोर्स म्हणजे साधने, प्लॅनिंग म्हणजे नियोजन. उद्योगाजवळ असलेली सगळी साधने, म्हणजे कच्चा माल, यंत्रे, पैसा आणि माणसे, यांचा हिशेब एका ठिकाणी ठेवून पुढची आखणी करणारे सॉफ्टवेअर ते ईआरपी. या यादीत लोखंड, तेल आणि माणूस एकाच पंक्तीला बसविले आहेत, हे ध्यानात असू द्या; त्याकडे पुढे वळू.

ही कल्पना एका दिवसात आकाशातून पडली नाही. जमा-नावेची दुहेरी पद्धत इटलीच्या लुका पाचोली यांनी १४९४ साली छापील ग्रंथात मांडली. त्या पद्धतीमुळे व्यापाऱ्याला आपला पैसा कुठून कुठे गेला हे कळू लागले. पण कारखान्यात कोणता माल केव्हा लागेल, हा प्रश्न वेगळाच. अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी १९६४ च्या सुमारास संगणकाकडून हा हिशेब करून घेण्याची पद्धत बसविली. तिला एमआरपी, म्हणजे मालाच्या गरजेचे नियोजन, असे नाव पडले. त्यांचे त्या विषयावरचे पुस्तक १९७५ साली निघाले. पुढे ऑलिव्हर वाइट यांनी तिच्यात यंत्रांचा, मनुष्यबळाचा आणि पैशाचा हिशेब जोडला. इकडे जर्मनीत १९७२ साली आयबीएम कंपनीतल्या पाच जणांनी नोकरी सोडून सॅप ही कंपनी काढली आणि सगळ्या खात्यांचे काम एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणण्याचा उद्योग आरंभिला. १९९० साली अमेरिकेतल्या गार्टनर या संस्थेने या साऱ्या प्रकाराला ईआरपी हे नाव दिले. आपल्याकडे दुकानदारांना टॅली माहीत आहे. ते बंगळुरूच्या गोएंका पितापुत्रांचे, १९८६ सालचे. मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट तर असे आहे की, त्याची आतली रचना कोणालाही पाहता येते आणि बदलता येते.

आता पुरणपोळीकडे वळू.

रविवारी वीस पाहुणे जेवायला यायचे आहेत, आणि दर माणशी तीन पोळ्या धरल्या आहेत. म्हणजे साठ पोळ्या हव्यात. ही झाली मागणी, डिमांड. पोळीला काय काय लागते? डाळ, गूळ, कणीक, वेलदोडे, तेल. आणि एका पोळीला प्रत्येक जिन्नस किती लागतो, हेही लिहिलेले. या यादीला बिल ऑफ मटेरियल म्हणतात. तीच ती बीओएम, जिने चौकशीत आमची बोलती बंद केली होती. डाळ शिजविणे, पुरण वाटणे, कणीक भिजविणे, लाटणे, भाजणे हा कामाचा क्रम म्हणजे राउटिंग. आणि जिथे एकेक काम होते ती जागा, म्हणजे चूल किंवा पुरणयंत्र, ते वर्क सेंटर.

समजा, एक किलो डाळीत तीस पोळ्या होतात. मग साठांना दोन किलो डाळ लागेल. डब्यात अर्धा किलो आहे, म्हणजे दीड किलो कमी. या दीड किलोला निव्वळ गरज म्हणतात. पण वाण्याकडे डाळ एकेक किलोच्या पुड्यांतच मिळते, म्हणून दोन पुडे घ्यावे लागतील. याला लॉट साइझ म्हणायचे. वाणी सांगितल्यापासून दोन दिवसांनी माल पोहोचवितो. हा लीड टाइम. पुरण शनिवारी शिजवायचे, तर गुरुवारीच वाण्याला सांगितले पाहिजे. आणि ऐनवेळी दोन पाहुणे जास्त आले तर पंचाईत नको, म्हणून डब्यात जी डाळ कायम राखून ठेवायची तिला सेफ्टी स्टॉक म्हणतात. घरातली शहाणी बाई हा सगळा हिशेब भाजी चिरता चिरता मनात करते. कारखान्यात जिन्नस हजारो असतात, म्हणून तिथे संगणक लागतो. एमआरपी म्हणतात ते याहून वेगळे काही नाही.

दुसरी जोडी मास्टर आणि ट्रान्झॅक्शन या शब्दांची. जी माहिती एकदा लिहिली की बराच काळ टिकते ती मास्टर: मालाचे नाव, त्याचा कोड, तो किलोत मोजायचा की नगात, माल देणाऱ्याचा पत्ता, कामगाराचा नंबर आणि त्याचा पगारदर. रोज जे घडते ते ट्रान्झॅक्शन, म्हणजे व्यवहार: आज इतका माल आला, इतका गेला, अमका कामावर आला. वाण्याच्या दुकानातल्या खातेदारांची यादी आणि रोजकीर्द यांत जो फरक, तोच इथे. व्यवहारातली चूक एका दिवसाची असते, मास्टरमधली चूक रोज नव्याने घडते. मास्टरमध्ये चुकून किलोऐवजी ग्रॅम लिहिले गेले, तर त्यानंतरची प्रत्येक नोंद खोटी, आणि लिहिणाऱ्या कारकुनाचा त्यात काडीचाही दोष नाही.

तिसरा शब्द मॉड्यूल. ईआरपीतल्या एकेका खात्याला मॉड्यूल म्हणतात: खरेदी, स्टोअर, उत्पादन, विक्री, हिशेब, मनुष्यबळ. पूर्वी प्रत्येक खात्याची वही निराळी असे, आणि महिनाअखेरीस त्या वह्यांचा मेळ घालताना कारकुनांच्या डोळ्यांवर रात्री येत. आता वही एकच. फाटकातून माल आत आला आणि स्टोअरच्या माणसाने त्याची पावती, म्हणजे जीआरएन, केली की त्याच क्षणी स्टोअरचा साठा वाढतो आणि हिशेबखात्यात देणे उभे राहते. असे नोंद पक्की करण्याला पोस्टिंग म्हणतात. खरेदीची ऑर्डर, जीआरएन आणि माल देणाऱ्याचे बिल या तिन्ही कागदांतले आकडे जुळले, तरच पैसे सुटतात. त्याला तीन कागदांचा मेळ, थ्री-वे मॅच, म्हणतात. ज्याने ऑर्डर द्यायची त्यानेच माल उतरवून घ्यायचा नाही आणि त्यानेच पैसेही द्यायचे नाहीत, हा जुन्या पेढ्यांचा नियमही यात पाळता येतो. त्यासाठी प्रत्येकाला स्वतःचा आयडी असतो, आणि त्या आयडीला काय पाहता यावे व काय बदलता यावे हे ठरलेले असते. या ठरलेल्या अधिकारांच्या गठ्ठ्याला रोल म्हणतात.

आणखी एक चांगली गोष्ट आहे. एकदा पोस्ट झालेली नोंद सहसा खोडता येत नाही. चूक झाली, तर उलटी नोंद करावी लागते, आणि मूळ नोंद व उलटी नोंद दोन्ही दिसत राहतात. कोणी, केव्हा, काय बदलले हेही सॉफ्टवेअरला लिहून ठेवता येते. त्याला ऑडिट ट्रेल किंवा नुसते लॉग म्हणतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे ईआरपीच्या विरुद्ध आहोत, असा कोणाचा समज असेल, तर तो खोटा आहे. दोन हजेरीपट, एक साहेबाला दाखवायचा आणि एक इन्स्पेक्टरला, हा प्रकार आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. ज्या वहीत खाडाखोड होत नाही, ती वही कामगाराला हवीच आहे. फक्त ती त्याला वाचता आली पाहिजे.

आता बॅकफ्लश. पोळ्यांसाठी डब्यातून किती कणीक काढली हे दर वेळी लिहीत बसणे कंटाळवाणे. म्हणून युक्ती अशी, की शेवटी पोळ्या मोजायच्या आणि यादीवरून मागे हिशेब करायचा: साठ पोळ्या झाल्या, त्याअर्थी अमुक कणीक संपली. सॉफ्टवेअर तेवढी कणीक आपोआप वजा करते. युक्ती चांगली आहे. पण ती मुलगी आम्हांला म्हणाली, ‘काका, पोळी लाटताना पिठी लागते ना? ती यादीत लिहायची राहिली तर?’

तर काय होईल? दर वेळी थोडी पिठी डब्यातून जाईल आणि कागदावर डबा भरलेलाच दिसेल. चार महिन्यांनी सासू डबा उघडून म्हणेल, ‘पीठ कमी कसे?’ आणि सून चोर ठरेल.

आम्ही तिथल्या तिथे उठलो. आठव्या दिवशी चौकशीत आम्ही चार गोष्टी मागितल्या. त्या वस्तूची बीओएम आणि तिचा लॉग. चार महिन्यांचे रोजचे उत्पादन. स्टोअरच्या त्या आयडीचा रोल. आणि दोन्ही बाजूंच्या समक्ष, एका नगाला प्रत्यक्ष किती तार लागते याचे वजन. बीओएममध्ये एका नगाला १८० ग्रॅम लिहिले होते, तेही यंत्रे नवी होती तेव्हाचे. वजन केले तेव्हा उडणारे थेंब आणि रिळाच्या शेवटी वाया जाणारा तुकडा धरून २०० ग्रॅम भरले. फरक वीस ग्रॅमचा. दिवसाला १५० नग, म्हणजे रोज तीन किलो. महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे ७५ किलो. चार महिन्यांचे ३०० किलो. बीओएम बदलण्याचा अधिकार स्टोअरच्या आयडीला नव्हताच. ज्या टेबलाला तो होता, तिथे यंत्रे जुनी झाल्यावर आकडा तपासण्याचे कोणाला सुचले नव्हते.

आरोपपत्र मागे घेतले गेले, निलंबनाच्या सात आठवड्यांचा पगार मिळाला आणि गडी कामावर हजर झाला. परंतु त्या सात आठवड्यांत त्याच्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले. चोरीच्या संशयातल्या माणसाच्या घरी कोण सोयरीक करणार? ईआरपीत चुकीची नोंद उलटविता येते; ही नोंद कशी उलटवावी, ते आम्हांला अजून कोणी सांगितलेले नाही.

हे आमच्याच गावात घडते असे समजू नका. इंग्लंडात पोस्टाच्या छोट्या शाखांचा हिशेब ठेवण्यासाठी १९९९ पासून होरायझन नावाची संगणकव्यवस्था बसविली. तिला कोणी ईआरपी म्हणत नाही, पण धडा तोच आहे. ती शाखांच्या हिशेबात खोटी तूट दाखवी, आणि ती तूट चोरी समजून ९०० हून अधिक पोस्टमास्तरांना गुन्हेगार ठरविण्यात आले. कित्येक तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. व्यवस्थेतच दोष होते, हे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले, आणि त्या शिक्षा एकगठ्ठा रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ साल उजाडले. प्रत्येक पोस्टमास्तर आपल्या शाखेत एकटा होता आणि समोरून उत्तर एकच येई: यंत्र असे म्हणते.

आता शेवटचा गट, नवी व्यवस्था बसविताना कानांवर पडणाऱ्या शब्दांचा. बसविण्याच्या सगळ्या कामाला इम्प्लिमेंटेशन म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये आधीच दिलेल्या पर्यायांतून आपल्याला हवा तो निवडणे म्हणजे कॉन्फिगरेशन. तयार सदरा घेऊन बाह्या दुमडण्यासारखे. मुळातच नवा भाग शिवून घेणे म्हणजे कस्टमायझेशन. ते महाग पडते आणि पुढे दुरुस्तीला जड जाते. जुन्या वह्यांतली माहिती नव्यात नेणे म्हणजे डेटा मायग्रेशन. जुनी आणि नवी पद्धत काही काळ शेजारी शेजारी चालवून दोन्हींची उत्तरे ताडून पाहणे म्हणजे पॅरलल रन. आणि ज्या दिवशी जुने बंद करून नव्यावर काम सुरू होते, तो गो-लाइव्ह.

यांपैकी कॉन्फिगरेशन हा शब्द पाठ करा. दुसऱ्या एका कारखान्यात गो-लाइव्हनंतर पॅकिंगच्या बायकांचा पगार कमी येऊ लागला. बस तीन मिनिटे उशिरा पोहोचे, आणि पगार अर्ध्या तासाचा कापला जाई. विचारले, तर उत्तर मिळाले, ‘सिस्टिम तसेच घेते.’ आता आम्ही शिकलेले होतो. आम्ही विचारले, ‘हा अर्ध्या तासाचा टप्पा कोणत्या कॉन्फिगरेशनमध्ये आहे आणि तो कोणी निवडला?’ टेबलाच्या पलीकडे बराच वेळ शांतता. टप्पा एका माणसाने एका दुपारी निवडला होता. दुसऱ्या दुपारी तो मिनिटांवर आणता आला.

पगाराचा विषय निघालाच आहे, तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे उदाहरण ऐका. तिथल्या सरकारी आरोग्यखात्याने मार्च २०१० मध्ये नवी पगारव्यवस्था पुरेशी चाचणी न घेता सुरू केली. हजारो परिचारिका आणि नोकर यांना कमी पगार मिळाला, कोणाला जास्त, कोणाला काहीच नाही. पुढे २०१३ साली चौकशी आयोग बसला. एकूण खर्चाचा अंदाज १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या घरात गेला. पॅरलल रन या दोन शब्दांची किंमत यावरून कळावी.

आपल्याकडे १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरविली. तिच्या मागण्यांत रविवारची सुटी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, हीही होती. लोखंडे स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. गिरणीच्या वह्या त्यांनी आतून पाहिल्या होत्या. म्हणूनच कामगाराचे गाऱ्हाणे त्यांना तारखेच्या आणि तासांच्या भाषेत मांडता आले असावे, असे आम्हांला वाटते.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. आपल्यापैकी ज्यांची मुले-मुली आता नोकरीला लागतील, त्यांच्या हाती पहिल्याच दिवशी एक आयडी पडेल. त्यांना सांगा, तो आयडी म्हणजे आपली सही आहे. तो साहेबालाही वापरू देऊ नये. मास्टर कोण बदलतो हे विचारावे. बीओएम आणि प्रत्यक्ष काम जुळत नसेल, तर त्याच दिवशी लेखी कळवावे. नवी व्यवस्था येणार असेल, तर पॅरलल रन किती महिन्यांचा आणि शिकविण्याचे तास कामाच्या वेळेत धरले आहेत की नाहीत, हे गो-लाइव्हच्या आधी विचारावे. आणि कोणी ‘सिस्टिम असे म्हणते’ असे सांगितले, तर नम्रपणे विचारावे, ‘सिस्टिमला ते कोणी सांगितले?’

रिसोर्स या यादीत माणसाला लोखंडाशेजारी बसविले आहे, असे आम्ही आरंभी म्हटले. हिशेबापुरते ते बसू द्या. पण लोखंडाला आपल्याविषयी काय लिहिले आहे हे वाचता येत नाही, माणसाला येते. नवे शब्द शिकण्याची लाज आम्हांला पन्नाशीत वाटली नाही. आपणांसही वाटू नये. ज्या मुलीने आम्हांला शिकविले, ती आज सभेत मागच्या रांगेत बसली आहे. आमच्या सांगण्यात काही चुकले असेल, तर सभा संपल्यावर तिला अवश्य विचारा.